मुंबईचं गाणं, कोलंबोमार्गे

आंजर्ल्याच्या आमच्या घरी माजघरातल्या फडताळात, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि जुनी पंचांगं यांच्या गठ्ठ्यात, रेडिओच्या परवान्याचं एक पुस्तक आहे. आजच्या तरुण वाचकाला हे सांगायला हवं, की एके काळी रेडिओ नुसता विकत आणून भागत नसे. तो ऐकायलाही सरकारचा परवाना लागे. टपाल कचेरीत जायचं, वर्षाचं शुल्क भरायचं, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. ज्याच्याकडे पुस्तक नाही, त्याचा रेडिओ चोरटा. आमच्या पुस्तकातला पहिला शिक्का १९५५ सालचा आहे.

या एका शिक्क्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या आत्याचं एकदा वाजलं होतं.

आत्याचं एक गाणं होतं. घरातल्या बायकांच्या ओव्या, आरत्या तिला शेकड्यांनी येत, पण ही सगळी सर्वांची. 'अनारकली' चित्रपटातलं 'ये जिंदगी उसी की है' हे मात्र तिचं एकटीचं. पावसात आगोटीची कामं संपली, की पडवीत निवडण-टिपण करताना ती ते पुटपुटायची. हिंदी तिला धड येत नसे. शब्द अर्धेमुर्धे, पण चाल अगदी जागच्या जागी. तरुणपणी तिचं लग्न ठरून मोडलं होतं आणि पुढे तिनं ते केलं नाही. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही. गाण्याबद्दल मात्र विचारलं. "कुठे ऐकलंस गं पहिल्यांदा?" ती म्हणाली, "कुठे म्हणजे? आमच्या रेडिओवर. मुंबई लागायची ना! सिनेमा आला त्याच वर्षी."

सिनेमा आला १९५३ साली. तेव्हा मी पस्तिशीत होतो. जुन्या ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि सिनेसंगीत यांचा अभ्यास एकट्याच्या बळावर सुरू केलेला होता आणि नव्या अभ्यासकाला असतो तो कैफ होता. मी तिला दोन पुरावे दिले. एक, आपल्या परवान्यावरचा पहिला शिक्का १९५५ चा, तेव्हा १९५३ साली घरात रेडिओच नव्हता. दोन, १९५३ साली मुंबई केंद्रावर हिंदी सिनेमाची गाणी लागतच नव्हती, केसकरांनी बंदी घातली होती. आत्या माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "असेल बाबा. तू शिकलेला." नंतर बरेच दिवस ते गाणं तिच्या तोंडून ऐकू आलं नाही.

पुढे काही वर्षांनी एका व्याख्यानात मी हीच 'बंदी'ची गोष्ट रंगवून सांगितली. व्याख्यान संपल्यावर एक वयस्कर श्रोते जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "बंदीचा हुकूम कोणत्या तारखेचा?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधाला लागलो, आणि हळूहळू लक्षात आलं, की ज्या हुकमाची तारीख मी शोधत होतो, त्याची गोष्टच मुळात वेगळी आहे. या लेखात ती सांगायची आहे. तिचा संबंध आत्याच्या गाण्याशी तर आहेच, पण गाणं कुणाचं असतं या प्रश्नाशीही आहे.

आधी गाण्याविषयी. अमेरिकेत 'टॉर्च साँग' नावाचा एक गीतप्रकार आहे. हरवलेल्या किंवा एकतर्फी प्रेमाची मशाल विझू न देता हातात धरून ठेवणाऱ्या माणसाचं गाणं, असा त्याचा अर्थ. नाव परकं असलं तरी वस्तू आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांपासून बैठकीच्या लावणीपर्यंत हा दिवा आपल्याकडे तेवत आलेला आहे. हिंदी चित्रपटानं १९५० च्या आसपास त्याला घरोघर नेलं.

'अनारकली' हा फिल्मिस्तान या संस्थेचा चित्रपट. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, नायिका बीना राय, नायक प्रदीपकुमार. शाहजादा सलीम आणि कनीज अनारकली यांची कथा त्याआधीच लोकप्रिय होती. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं होतं आणि मूकपटही निघाले होते. या बोलपटाची काही गाणी राजेंद्र कृष्ण यांच्याकडे आली आणि संगीताची मुख्य बाजू सांभाळली सी. रामचंद्र यांनी, म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी. 'अलबेला'च्या उडत्या चालींनी १९५१ मध्ये देश नाचवणाऱ्या या माणसानं दोन वर्षांनी भीमपलासाच्या अंगानं अशी चाल बांधली, की लता मंगेशकरांच्या आवाजात ती आजही जुनी वाटत नाही. चित्रपटात हे गाणं दोनदा येतं. एकदा प्रेमाच्या भरात आणि शेवटी, अनारकलीला भिंतीत चिणलं जात असताना. चाल तीच आहे, पण दुसऱ्या वेळी ते गाणं निरोपाचं होतं. आत्या पुटपुटायची तो हा दुसरा भाग.

आता हे गाणं बाजारात आलं तेव्हा रेडिओची काय स्थिती होती ते पाहू.

१९५२ च्या निवडणुकीनंतर डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. पुण्यात जन्मलेले, पॅरिसला शिकलेले, आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. देश नुकता स्वतंत्र झाला होता, संस्थानं विलीन झाली होती, गवयांचे आश्रयदाते राजे उरले नव्हते. ती जागा आता सरकारी रेडिओनं घ्यावी असं त्यांना वाटे. त्यांच्या काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आकाशवाणी संगीत संमेलनं सुरू झाली, रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद उभा राहिला. किती गवय्यांची चूल या कार्यक्रमांनी पेटती ठेवली, हे विसरून केसकरांची थट्टा करणं सोपं आहे. मीही ती पुष्कळ केली. (हार्मोनियमवरची बंदीही लोक त्यांच्याच नावावर लिहितात. ती १९४० ची, म्हणजे इंग्रजी अमदानीतली.)

सिनेसंगीताबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि उथळ शब्द यांनी लोकांची रुची बिघडते आहे, असं ते मानत. म्हणून त्यांनी दोन पावलं उचलली. पहिलं, चित्रपटगीतांचं प्रमाण एकूण प्रक्षेपणाच्या दहा टक्क्यांवर आणलं आणि गाणी निवडून, चाळून घेण्याची पद्धत लावली. दुसरं पाऊल दिसायला किरकोळ, पण खरी ठिणगी त्यानं पडली. गाण्याआधीच्या निवेदनात चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, फक्त गायकाचं सांगायचं. सरकारचं म्हणणं असं, की चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात आणि सरकारी रेडिओ जाहिरातीसाठी नाही.

इथे परवान्याचा मुद्दा येतो, आणि तो समजून घेतला पाहिजे. ध्वनिमुद्रिका दुकानातून विकत घेतली म्हणजे ती घरी वाजवण्याची मोकळीक मिळते, रेडिओवरून लाखोंना ऐकवण्याची नाही. तो हक्क वेगळा असतो आणि हक्काच्या मालकाकडून मागून घ्यावा लागतो. सिनेमाच्या गाण्याचा मालक कोण? चाल सी. रामचंद्रांची, शब्द राजेंद्र कृष्णांचे, आवाज लताबाईंचा. पण तेव्हाच्या व्यवहारात या तिघांना ठरलेले पैसे मिळत आणि हक्क निर्मात्याकडे जात. त्यामुळे रेडिओला गाणं वाजवण्याची अनुमती निर्माते देत. या अनुमतीतून त्यांना हवं होतं ते एकच. गाणं वाजावं, त्याच्यासोबत चित्रपटाचं नाव लोकांच्या कानावर पडावं आणि दुसऱ्या दिवशी थेटरापुढे रांग लागावी.

नावच गाळायचं ठरल्यावर निर्मात्यांच्या दृष्टीनं या व्यवहारात काही राहिलं नाही. त्यांच्या संघटनेनं ऑल इंडिया रेडिओला दिलेला परवाना मागे घेतला, आणि तीनएक महिन्यांत चित्रपटगीतं सरकारी केंद्रांवरून जवळपास नाहीशी झाली.

म्हणजे 'केसकरांनी बंदी घातली' हे अर्धसत्य आहे. केसकरांनी दार अरुंद केलं, आणि ते लावून घेतलं निर्मात्यांनी. दोघांनाही ते दार बंद राहिलं तर आपलंच साधेल असं वाटत होतं. गाणी न मिळाल्यानं लोक शास्त्रीय संगीताकडे वळतील असा एकाचा हिशेब. लोक ओरड करतील आणि सरकार नमेल असा दुसऱ्याचा. भांडण कशावरून होतं, तर गाण्याआधीच्या चार-पाच सेकंदांच्या निवेदनावरून.

यात एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. केसकरांच्या नियमात गायकाचं नाव सांगायचं होतं. ही लहान गोष्ट नव्हती. १९४९ मध्ये 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' गाजलं तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणारी कोण, हे विचारणारी पत्रं श्रोत्यांनी रेडिओकडे पाठवली आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी सरकार म्हणत होतं, गायकाचं नाव सांगू, चित्रपटाचं नाही. आणि निर्माते म्हणत होते, मग गाणंच नाही. कलावंताचं नाव राखणाऱ्या नियमामुळे कलावंताचा आवाजच बंद झाला. या सगळ्यात संगीतकार, कवी आणि गायिका यांना कुणी काही विचारलं नव्हतं. हक्क त्यांच्याकडे नव्हता, तेव्हा विचारण्याचं कारणही नव्हतं.

पण गाणं थांबलं नाही. त्यानं वाट बदलली.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडनं सैनिकांसाठी सिलोनमध्ये एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारकडे आला. १९५० मध्ये रेडिओ सिलोननं व्यापारी सेवा सुरू केली. इथे जाहिराती चालत, चित्रपटांची नावं चालत, आणि गाण्यांच्या वेळेला दहा टक्क्यांचं कुंपण नव्हतं. मुंबईच्या निर्मात्यांना जे हवं होतं, ते कोलंबोला मिळालं. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी रात्री 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सिबा कंपनीच्या दंतमंजनाची जाहिरात आणि अमीन सायानी हा विशी गाठायला आलेला निवेदक. सुरुवातीला सात गाणी लावायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखून पाठवायचा, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सायानी पुढे सांगत. क्रमवारीनं गाणी लावण्याची आपल्या ओळखीची पद्धत त्यानंतरची. गीतमालेच्या वार्षिक याद्यांत १९५३ या पहिल्या पूर्ण वर्षाच्या शिरोभागी जे गाणं आहे, ते 'ये जिंदगी उसी की है'.

इथे थोडं थांबून भूगोल पाहू या. आंजर्ल्यापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे एकशेचाळीस किलोमीटर. कोलंबो सुमारे चौदाशे. गाणं बांधलं मुंबईत, ध्वनिमुद्रित झालं मुंबईत. सायानी गीतमालेचं निवेदनही मुंबईतच मुद्रित करत, आणि ती फीत दर आठवड्याला विमानानं कोलंबोला जाई. तिथून लघुलहरींवर स्वार होऊन गाणं परत आपल्याकडे येई. जे गाणं एकशेचाळीस किलोमीटरवरून यायचं, ते दहापट लांबच्या वाटेनं आलं, तेही मधल्या समुद्राला वळसा घालून. कारण काय, तर निवेदनातलं एक नाव.

लघुलहरींचा एक गुण या गाण्याला फार मानवला. मध्यमलहरी जमिनीलगत आणि समुद्रालगत पसरतात. मुंबईचं केंद्र आमच्या किनाऱ्यावर स्वच्छ लागायचं ते त्यामुळे. खाऱ्या पाण्यावरून त्या लहरी फार कमी क्षीण होत जातात. लघुलहरी मात्र आकाशाकडे जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा खाली येतात आणि म्हणून शेकडो मैल ओलांडतात. पण तो थर स्थिर नसतो. त्यामुळे आवाज चढतो, उतरतो, मध्येच दूर जातो, पुन्हा जवळ येतो. सिलोन ऐकलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गावातल्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "भरतीसारखं यायचं नि ओहोटीसारखं जायचं." पुष्कळांच्या आठवणीत या गाण्याची ती लाट गाण्याचाच भाग होऊन बसली आहे. पुढे त्यांना स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर काही तरी कमी असल्यासारखं वाटे.

श्रोते किती गेले? एक किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. दहा परवानाधारक घरांची पाहणी केली, नऊ घरांत रेडिओ सिलोन लागलेलं होतं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला होता. किस्सा किश्शासारखाच घ्यावा, पण बोच खरी आहे. परवान्याचं शुल्क भारत सरकारला, कान सिलोनला.

असा प्रसंग जगात पहिल्यांदाच घडला होता असं नाही. अमेरिकेत १९४१ साली याचीच दुसरी बाजू घडली. तिथे कवी-संगीतकारांची अ‍ॅस्कॅप ही संस्था रेडिओ कंपन्यांकडून शुल्क घेत असे. तिनं दर वाढवून मागितले. रेडिओ कंपन्यांनी आधीच १९३९ मध्ये बी.एम.आय. ही स्वतःची संस्था काढून ठेवली होती. १ जानेवारी १९४१ पासून त्यांनी अ‍ॅस्कॅपची गाणी लावणं थांबवलं आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत ती मोठ्या रेडिओ-जाळ्यांवर लागली नाहीत. ज्यांवर कुणाचा हक्क उरला नाही अशी जुनी गाणी तेव्हा बाहेर निघाली. स्टीफन फॉस्टर या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराचं तपकिरी केसांच्या जीनीवरचं गाणं इतकं वाजलं, की बिचारीचे केस एव्हाना पांढरे झाले असतील अशी थट्टा झाली. पण त्याच पोकळीत बी.एम.आय.कडचं 'आय हिअर अ रॅप्सडी' हे प्रेमव्याकूळ नवं गाणं वर आलं आणि पुढे जॅझ वादकांच्या कायमच्या संग्रहात जाऊन बसलं. म्हणजे तिथे भांडणानं एका विरहगीताला मोकळं रान दिलं, इथे भांडणानं एका विरहगीताला देशाबाहेरून फिरवून आणलं. फरक आणखी एक आहे. अमेरिकेत भांडणारी एक बाजू निदान गाणं लिहिणाऱ्यांची होती. आपल्याकडे भांडले सरकार आणि निर्माते.

पोकळी आपल्याकडेही झाली आणि ती भरण्याचा प्रयत्नही झाला. सिनेमाच्या गाण्यांना पर्याय म्हणून रेडिओनं स्वतःची सुगम गीतं करून घ्यायला सुरुवात केली. हिंदी मुलखात त्यांनी सिलोनला टक्कर दिली असं म्हणता येणार नाही. पण मराठीत वेगळं घडलं. भावगीताची परंपरा आपल्याकडे आधीच रुजली होती, गजानन वाटव्यांनी ती मैफलीतून आणि तबकडीतून घरोघर नेली होती. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी, तिथून 'गीतरामायणा'चं पहिलं गीत गेलं. वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६. कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघंही चित्रपटसृष्टीत मुरलेले. सिनेमाचं गाणं ज्या दारातून बाहेर गेलं होतं, त्याच दारातून सिनेमावाल्यांनीच रेडिओसाठी केलेलं गाणं आत आलं आणि महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतलं. पुढे मुंबई केंद्रावर यशवंत देव आदींनी 'भावसरगम'सारखे कार्यक्रम केले, त्यातून आलेली गीतं आजही आपण गुणगुणतो. केसकरांचा हिशेब हिंदीत चुकला. मराठीत तो काही अंशी जमला, असं मला आता म्हणावंसं वाटतं. ज्याची वर्षानुवर्षं थट्टा केली, त्याला हे श्रेय देताना जीभ जरा अडखळते, पण द्यायला हवं.

दिल्लीला चूक दुरुस्त करायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. चित्रपटगीतांना सरकारी रेडिओवर पुन्हा हक्काची जागा मिळाली. नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या. ज्या 'फुकट जाहिराती'वरून भांडण पेटलं होतं, ती जाहिरात आता सरकार पैसे घेऊन करत होतं. सिलोनकडे गेलेले कान मात्र लगेच परतले नाहीत. गीतमाला कोलंबोहून आणखी तीन दशकं चालली.

आणि गाण्याचे खरे कर्ते? १९५७ साली कॉपीराइटचा नवा कायदा झाला. १९६९ मध्ये कवी-संगीतकारांची आय.पी.आर.एस. ही संस्था स्थापन झाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला, की मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जोड-टिपण लिहून गायकांच्या हक्कांचाही विचार कायद्यानं करावा असं सुचवलं. चित्रपटात वापरलेल्या गाण्याच्या इतरत्र होणाऱ्या वापराबद्दल कवी आणि संगीतकाराला मानधनात वाटा मिळालाच पाहिजे, अशी दुरुस्ती संसदेनं केली ती २०१२ मध्ये. सी. रामचंद्र १९८२ च्या जानेवारीत गेले होते, राजेंद्र कृष्ण १९८७ मध्ये. आणखी एक गंमत पाहा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९५३ च्या या मुद्रणावरचा हक्क २०१३ संपताना संपला. ज्या परवान्यावरून गाणं देशाबाहेर गेलं, तो परवाना आज त्या मुद्रणापुरता कुणालाच मागावा लागत नाही. चाल आणि शब्द यांची मुदत मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं मोजतात, त्यामुळे ती अजून सरलेली नाही.

आता पुन्हा आमच्या फडताळाकडे.

'बंदी'ची गोष्ट उलगडल्यावर मी आत्याशी पुन्हा बोललो. तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. या वेळी पुरावे न देता नुसतं विचारलं. मग कळलं, की 'आमच्या रेडिओवर' म्हणजे पहिल्यांदा शेजारच्या वाडीतल्या एका चाकरमान्याच्या घरी. १९५३ साली गावात वीज नव्हती. त्यानं मुंबईहून येताना बॅटरीवरचा रेडिओ आणला होता, हर्णैला बोटीतून उतरवून खाडीपलीकडे होडीनं आणलेला. बुधवारी रात्री जेवणं उरकून पाच-सहा मुली कंदील घेऊन तिकडे जात. त्यांच्या लेखी तो गावाचाच रेडिओ. आमच्या घरी रेडिओ आला १९५५ ला, आणि आला तो 'गीतरामायणा'साठी. आजोबांना सिनेमाची गाणी चालत नसत. घरातले केसकरच ते. शुक्रवारी सकाळी सोवळं नेसून ते रेडिओपुढे बसत. पण त्याच रेडिओला लघुलहरींचाही पट्टा होता. बुधवारी आजोबा देवळात कीर्तनाला गेले, की आत्या तबकडी फिरवत असे आणि ते परतायच्या आत काटा जागेवर आणून ठेवत असे. सिलोन जुनी गाणी पुन्हा पुन्हा लावी. तिचं गाणं तिला आमच्या रेडिओवरही मिळालं, दोन-तीन वर्षांनी. आठवणीत दोन्ही रेडिओ एक झाले होते.

"पण मुंबई कशी म्हणालीस? ते तर कोलंबो," मी विचारलं.

"तो बोलायचा तो मुंबईचाच ना?"

मी तिला सांगितलं, की हो, अमीन सायानी मुंबईतच बोलत, फीत विमानानं कोलंबोला जाई. चित्रपट मुंबईचा, संगीतकार मुंबईत राहणारा, गायिका मुंबईची, निवेदक मुंबईचा. कोलंबोचा होता तो फक्त प्रक्षेपक.

"मग मी दुसरं काय सांगत होते?" आत्या म्हणाली, आणि सूप पुढे ओढून निवडायला लागली.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवान्याचं पुस्तक मी जपून ठेवलं आहे. त्यातल्या शिक्क्यांवरून आमच्या घरी रेडिओ कधी आला ते नक्की कळतं. आमच्या घरात गाणं कधी आलं, ते त्यावरून कळत नाही. ते १९५३ सालीच आलं होतं, एका पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर, कंदिलाच्या उजेडात, शेजारच्या वाडीतून चालत.